सनद आणि स्वाध्याय

मुलगा परीक्षा उत्तीर्ण झाला कीं पेढे वांटावयाचे, पदवीच्या कागदाला चौकट करून तो दिवाणखान्याच्या भिंतीवर लावावयाचा, आणि पुस्तकें गोणपाटांत बांधून माळ्यावर टाकावयाचीं, ही आपल्या घरांतली जुनी रीत आहे. त्या पुस्तकांचें पुढें काय होतें तें वाळवीला ठाऊक! विद्या हें आपण एक ऋण समजतों; परीक्षेच्या मंडपांत तें एकदां फेडलें कीं जन्मभर त्याची पावती दाखवीत हिंडावयाचें. दारावरची पाटी तीच, भिंतीवरचा कागद तोच आणि डोक्यांतला मजकूरहि तोच, असा चाळीस-चाळीस वर्षांचा संसार पुष्कळ व्यवसायांत झालेला आपण पाहतों.

मी हिशेबतपासनिसाचा व्यवसाय करतों. आमच्या व्यवसायांत हा सुखाचा संसार आतां करतां येत नाहीं. चार्टर्ड अकाउंटंटची परीक्षा ही किती अवघड, आणि ती देतां देतां घरची किती माणसें झिजतात, हें ज्या घरांत असा विद्यार्थी आहे त्या घराला सांगावयास नको. परंतु ती ओलांडून व्यवसायाची सनद हातीं आली म्हणजे सुटका झाली, असें मात्र नाहीं. सनद चालू ठेवावयाची तर शिकत राहिलें पाहिजे, आणि आपण शिकलों हें तासांच्या हिशेबानें दाखविलें पाहिजे. जो जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासतो, त्याच्याच अभ्यासाचा हिशेब तपासला जावा, यांत थोडा विनोद आहे. आणि आमचे आप्तेष्ट त्याचा यथेच्छ उपयोग करून घेतात. "काय हो, या वयांत अजून शाळेला जातां?" हा प्रश्न लग्नाच्या पंगतींत मला हटकून विचारला जातो.

हा नियम काय आहे तें आधीं सांगतों. आमची संस्था १९४९ च्या कायद्यानें, त्या वर्षाच्या १ जुलै रोजीं अस्तित्वांत आली. व्यवसाय करणाऱ्या सभासदांवर सतत शिक्षणाची सक्ती तिनें केली ती पुष्कळ उशीरां, म्हणजे २००३ सालापासून. २०२३ ते २०२५ या तीन वर्षांच्या गटाचा नियम असा होता कीं, साठीच्या आंतील व्यवसायी सभासदानें तीन वर्षांत मिळून १२० तास अभ्यासांत घालवावे. त्यांपैकीं निदान ६० तास व्याख्यानें, शिबिरें, अभ्यासवर्ग अशा ठिकाणीं हजेरी लावून मिळविलेले असावेत, आणि असे निदान २० तास दर वर्षीं भरावेत. उरलेले तास घरीं केलेल्या वाचन-मननाचे चालतात. त्यांचा दाखला ज्याचा त्यानें प्रामाणिकपणें द्यावयाचा. साठी उलटलेल्यांस हा नियम सौम्य होता.

हे आंकडे आपल्याकडच्या कोणाच्या लहरींतून आलेले नाहींत. जगांतील हिशेबनिसांच्या संस्थांचा जो संघ आहे, त्याच्या शिक्षणविषयक मानकांत, म्हणजे त्यांतील सातव्यांत, हेच १२०, ६० आणि २० हे आंकडे घालून दिलेले होते. माझ्या थोरल्या बंधूंचे चिरंजीव न्यू जर्सींत हाच व्यवसाय करतात. तेथें परवाना देणारें मंडळ प्रत्येक राज्याचें निराळें. न्यू जर्सीचें मंडळहि तीन वर्षांत १२० तास मागतें, आणि त्यांतले चार तास तेथील कायदा व व्यवसायनीति यांनाच दिलेले असावे लागतात. तास भरले नाहींत तर परवान्याचें नूतनीकरण अडतें. मौज इतकीच कीं, अमेरिकेंतील हा अभ्यासाचा तास पन्नास मिनिटांचा असतो. हिशेब करणारांच्या देशांत दहा मिनिटांचा हिशेब कोठें जातो, असें मीं त्याला एकदां विचारलें. तेव्हां "काका, तीं चहाचीं," असें उत्तर मिळालें.

आतां या सक्तीविरुद्ध जें बोललें जातें, त्यांतलें पुष्कळसें खरें आहे. माझे कैलासवासी वडील १९५३ सालीं ही परीक्षा उतरले. त्यांच्यावर कोणाची सक्ती नव्हती. दर रविवारीं दुपारीं जेवण झालें कीं ते माजघराला लागून असलेल्या खोलींत बसत. समोर संस्थेचें मासिक, सरकारी राजपत्रांतलीं टिपणें, आणि तांबड्या शाईची दौत. कायद्याच्या पुस्तकांत जें कलम बदललें असेल त्याच्या कडेला तांबड्या शाईनें नवा मजकूर लिहावयाचा, जें रद्द झालें असेल त्यावर आडवी रेघ मारावयाची, आणि खालीं तारीख घालावयाची, हा त्यांचा नेम. १९५६ च्या कंपनी कायद्याची त्यांची प्रत अजून आमच्या घरीं आहे; तींत छापलेल्या काळ्यापेक्षां लिहिलेलें तांबडेंच कोठें कोठें अधिक दिसतें. २००३ सालीं सक्ती आली तेव्हां ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. ती बातमी ऐकून ते म्हणाले, "जेवणाचीहि सक्ती करावी लागते काय रे?"

आणि असे ते एकटेच नव्हते. मुंबईच्या चार्टर्ड अकाउंटंटांनीं आपली एक स्वतंत्र सोसायटी १९४९ सालींच काढली. हजेरीच्या तासांचें कोणास स्वप्नहि नव्हतें अशा काळांत तेथें व्याख्यानें होत, निवासी अभ्यासवर्ग भरत, आणि लोक पदरचे पैसे खर्चून त्यांस जात. तेव्हां सक्तीनेंच विद्या येते असें म्हणणें हें त्या पिढीवर अन्याय करणें होईल.

उलट, सक्तीनें काय येतें तेंहि मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. आमच्या संस्थेचें बोधवाक्य कठोपनिषदांतून घेतलेलें आहे. सर्व निजले असतांना जें जागें राहतें, त्याच्याविषयींचें तें वचन आहे. तें वाक्य व्यासपीठाच्या पडद्यावर ठळक झळकत असावें, आणि त्याच्याच समोर, श्रीखंड-पुरीच्या जेवणानंतरच्या व्याख्यानाला, पहिल्या तीन रांगा शांतपणें डुलक्या घेत असाव्या, हें दृश्य दुर्मिळ नाहीं. कोणी सही करून मागच्या दारानें निघून जातो. कोणी घरीं पडद्यावर व्याख्यान लावून शेजारीं आपलीं विवरणपत्रें भरीत बसतो. तालुक्याच्या गांवीं एकट्यानें व्यवसाय करणाऱ्यास एका दिवसाच्या शिबिरासाठीं दोन दिवस आणि बराच पैसा घालवावा लागे. हल्लीं घरबसल्या ऐकण्याची सोय झाली म्हणून तें थोडें सुसह्य झालें. तासानें बैठक मोजतां येते, बुद्धि मोजतां येत नाहीं. म्हणूनच त्या जागतिक मानकाच्या नव्या आवृत्तींत, किती वेळ बसलास यापेक्षां बसल्यानें तुला काय करतां येऊं लागलें, इकडे लक्ष वळविलेलें आहे.

इतकें सगळें मान्य करूनहि मी या सक्तीच्या बाजूनें उभा आहें. त्याचें कारण वडिलांच्या तांबड्या शाईंतच आहे. त्यांच्या काळीं रविवारची एक दुपार पुरे, कारण बदल थेंबाथेंबानें येत. १९५६ चा कंपनी कायदा २०१३ सालचा नवा कायदा येईपर्यंत टिकला. म्हणजे एका माणसाचें उभें व्यावसायिक आयुष्य त्याच्यावर सरलें. त्यानंतर मात्र पूरच आला. २०१६ सालीं मोठ्या कंपन्यांना हिशेबाचीं नवीं मानकें लागलीं आणि त्याच वर्षीं दिवाळखोरीचा नवा कायदा झाला. १ जुलै २०१७ रोजीं जी. एस. टी. येऊन अबकारी, सेवाकर, व्हॅट ही जुनी मंडळी एका रात्रींत बहुतांशीं इतिहासजमा झाली. २०१८ सालीं लेखापरीक्षणावर देखरेख करणारें नवें सरकारी प्राधिकरण आलें. २०१९ पासून आमच्या प्रत्येक सहीला अठरा अंकी ओळखक्रमांक घेणें आवश्यक झालें. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या यंत्रांत, कोणीं कोणती नोंद केव्हां बदलली याचा माग राहिलाच पाहिजे, असें ठरलें. २२ सप्टेंबर २०२५ रोजीं जी. एस. टी. चे दर पुन्हां नव्यानें मांडले गेले. आणि ज्याच्या कडांवर वडिलांची सर्वांत अधिक शाई खर्च झाली तो १९६१ चा आयकर कायदा जाऊन, ५३६ कलमांचा २०२५ सालचा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू करण्यांत आला. कलमांचे क्रमांकसुद्धां बदलले. जे आंकडे आम्हांला परवच्यासारखे पाठ होते, ते आतां पुसून पुन्हां घोकावयाचे!

हें न केल्यानें आमचें काय बिघडतें हा प्रश्न गौण आहे. अशिलाचें काय बिघडतें तें पाहावें. आणि तें मला माझ्या घरांतच दिसलें.

माझी धाकटी आत्या चौऱ्याऐंशीं वर्षांची आहे. शिक्षिका म्हणून तिनें हयात घालविली. २००३ च्या दिवाळींत तिनें आणि कैलासवासी काकांनीं साताऱ्याजवळ जमिनीचा एक लहानसा तुकडा आठ लाखांस घेतला होता. तो तिनें २०२४ च्या नोव्हेंबरांत चाळीस लाखांस विकला. कराचा हिशेब तिच्या गांवच्या एका सल्लागारानें करून दिला: नफा बत्तीस लाख, त्यावर साडेबारा टक्क्यांनीं कर चार लाख. पुढच्या उन्हाळ्यांत आत्या आमच्याकडे राहावयास आली, तेव्हां तो कागद तिच्या पिशवींत होता. "कर भरावयाचा तो भरीन, पण बाई, एवढा?" इतकेंच ती म्हणाली.

आमची सून त्याच व्यवसायांत आहे. तिनें तो कागद उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, "आत्याआजी, हा हिशेब जुलैचा आहे. ऑगस्टांत नियम बदलला."

गोष्ट अशी होती. २३ जुलै २०२४ च्या अंदाजपत्रकांत असें आलें कीं, यापुढें अशा नफ्यावर साडेबारा टक्के कर पडेल. परंतु महागाईच्या प्रमाणांत खरेदीची किंमत वाढवून घेण्याची जुनी सवलत राहणार नाहीं. त्यावर पुष्कळ ओरड झाली, आणि दोन आठवड्यांतच, विधेयक संसदेंत संमत होतांना, त्यांत दुरुस्ती झाली. २३ जुलै २०२४ पूर्वीं घेतलेली जमीन किंवा घर असेल, तर येथील रहिवासी व्यक्तीला आणि हिंदु एकत्र कुटुंबाला दोन्ही रीतींनीं हिशेब करून कमी येईल तेवढाच कर द्यावयाचा. सल्लागारानें जुलैचें वाचलें होतें. ऑगस्टचें वाचलें नव्हतें.

सुनेनें तेथेंच बसून हिशेब मांडला. २००३-०४ चा महागाईचा निर्देशांक १०९, २०२४-२५ चा ३६३. आठ लाखांची वाढीव किंमत झाली २६,६४,२२०. नफा उरला १३,३५,७८०. त्यावर वीस टक्क्यांनीं कर २,६७,१५६. उपकर बाजूला ठेवला तरी चार लाखांत आणि यांत फरक पडला १,३२,८४४ रुपयांचा. पेन्शनीवर राहणाऱ्या एका वृद्ध स्त्रीला ही रक्कम म्हणजे काय, हें मीं सांगावयास नको. त्या सल्लागाराचा हेतु वाईट होता असें मी म्हणत नाहीं. तो पंधरा दिवसांनीं मागें राहिला, इतकेंच. सुनेनें ही दुरुस्ती कोठें वाचली असें विचारतां ती म्हणाली, "वाचली नाहीं, बाबा. ऑगस्टच्या शेवटीं तासांसाठीं म्हणून एका अभ्यासमंडळांत गेलें होतें. जावयाचा कंटाळाच आला होता."

या कंटाळ्यांतच सक्तीचें सगळें समर्थन आहे, असें मला वाटतें. हौसेनें शिकणारा हौसेच्या विषयापुरतें शिकतो. माणूस थकलेला असतो, विषय रुक्ष असतो, बाहेर पाऊस असतो. अशा वेळीं घराबाहेर काढावयास नियमच लागतो. पंगतीला बसल्यानें प्रत्येकाचें पोट भरतेंच असें नाहीं; कोणी नुसतेंच पान चिवडून उठतो. पण म्हणून पंगतच मोडावी असें कोणी म्हणत नाहीं. डॉक्टरांचेंहि तेंच. महाराष्ट्रांत डॉक्टरांना दर पांच वर्षांनीं नोंदणीचें नूतनीकरण करतांना, मधल्या काळांत शिकल्याबद्दलचे ३० गुण दाखवावे लागतात. आपली नाडी पाहणारा मनुष्य वीस वर्षांपूर्वींच्या पुस्तकावर चाललेला नाहीं, एवढी खात्री रोग्याला हवी असेल, तर ज्याच्या हातीं आपली आयुष्याची पुंजी आहे त्याच्याविषयीं ती कां नसावी?

परंतु एक गोष्ट राहते, आणि या मासिकाच्या वाचकांपुढें मुद्दाम ठेवावयाची ती हीच. हे १२० तास येतात कोठून? संस्था तास मागते; ते द्यावे लागतात घराला.

वडिलांच्या रविवारच्या नेमाचें आम्ही सर्वजण मोठें कौतुक करतों. पण ती दुपार शांत राहावी म्हणून आम्हां पांच भावंडांना घेऊन आई मागच्या अंगणांत बसे. आला-गेला तीच पाही. चार वाजतां चहा दाराशीं नेऊन ठेवी आणि आवाज न करतां परत येई. तांबड्या शाईच्या एकाहि टिपणाखालीं तिची सही नाहीं, परंतु तो स्वाध्याय दोघांचा होता. आतां आमच्या घरांत जी शिकणारी आहे, तिला चार वर्षांचा मुलगा आहे, आणि ती स्वतःच सून आहे. तिच्या दाराशीं चहा कोणीं नेऊन ठेवावयाचा?

गेल्या चैत्रांत हा प्रश्न उघडपणें पुढें आला. शनिवारीं घरीं चैत्रगौरीचें हळदीकुंकू ठरलेलें. त्याच दिवशीं सुनेचें दिवसभराचें शिबिर निघालें. थोरल्या वहिनी म्हणाल्या, "तासांचेंच ना? घरीं फोनवर लावून ठेव. डाळ वाटतां वाटतां होतील." सून नम्रपणें म्हणाली, "लावून ठेवतां येईल, मोठ्या आई. ऐकतां येणार नाहीं." क्षणभर कोणी बोलेना. मग आमचें कुटुंब म्हणालें, "गौर महिनाभर बसलेली आहे. हळदीकुंकू पुढच्या शुक्रवारीं करूं. शिबिराची तारीख आपल्या हातीं नाहीं." वहिनींना तें तितकेंसें रुचलें नाहीं, पण शुक्रवारीं आंब्याची डाळ आणि पन्हें त्यांनींच केलें, आणि सुनेच्या मैत्रिणींची ओटीहि त्यांनींच भरली.

तेव्हांपासून आमच्या घरीं एक ठराव झाला आहे. महिन्यांतला एक शनिवार सुनेचा. त्या दिवशीं नातवाला सांभाळण्याची पाळी माझी आणि माझ्या धाकट्या बंधूंची. स्वयंपाकाची व्यवस्था बाकीच्या मंडळींची. मी स्वतः २०२५ सालीं साठीला पोंचलों, तेव्हां सौम्य नियमाचा फायदा घेऊन आतां शनिवार-रविवार घरीं विश्रांति घ्यावी, असें मला पुष्कळांनीं सुचविलें. पण ज्या वर्षीं आयकराचा सगळा कायदाच नव्यानें पाठ करावयाचा, त्याच वर्षीं आपण कमी शिकावें, हा हिशेब मला जुळत नाहीं. जोंपर्यंत माझ्या सहीला किंमत आहे असें समजून लोक कागद पुढें करतात, तोंपर्यंत मी पुरे तास भरणार आहें. ते भरावयाचा कंटाळा आला त्या दिवशीं सनद परत करावी, हें बरें.

गुरुगृहीं विद्या संपवून शिष्य घरीं निघाला म्हणजे, आतां अभ्यास पुरे, असें गुरु त्याला म्हणत नसे. स्वाध्यायांत कधीं हयगय करूं नकोस, असेंच तैत्तिरीयोपनिषदांतला आचार्य त्याला बजावतो. सुज्ञ वाचकांना माझी इतकीच विनंति आहे. आपल्या हिशेबतपासनिसाला, वैद्याला, वकिलाला, या वर्षीं नवें काय वाचलेंत, असें निःसंकोचपणें विचारीत जावें. त्याचा जो खरा असेल तो रागावणार नाहीं. आणि आपल्याच घरांत कोणी असें तास भरणारें असेल, मग तो मुलगा असो, सून असो कीं लेक, तर त्याच्या शिबिराच्या तारखा घरच्या दिनदर्शिकेवर सणावारांच्या शेजारीं लिहून ठेवाव्या.